वैशाखांतील जलविहार

मोहोळच्या रहिवाशानें नौकाविहारावर लेख लिहावा, हें वाळवंटांतील मनुष्यानें पोहण्यावर व्याख्यान देण्यासारखें आहे, असें वाचकांस वाटल्यास त्यांत त्यांचा दोष नाहीं. आमच्या तालुक्यांतून सीना वाहते आणि दक्षिणेच्या अंगाला भीमा आहे. परंतु चैत्र सरला म्हणजे सीनेच्या पात्रांत वाळू आणि वेड्या बाभळी यांचेंच राज्य असतें. वरून पाणी सोडलें तर चार दिवस ती नदी दिसते, इतकेंच. ग्रीष्माचें वर्णन शिकविण्यांत माझीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं. कालिदासानें 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मापासून कां केला, हें इतरत्र विद्यार्थ्यांस समजावून द्यावें लागत असेल. आमच्या मुलांस तें वर्गावरील पत्र्याकडे बोट दाखवितांच समजत असे.

या सहलीचें मूळ माझ्या नातवाच्या एका प्रश्नांत आहे. त्याच्या पुस्तकांत इंग्लंडांतील एका कालव्याचें चित्र होतें: लांबट, अरुंद नाव, तिच्या टपावर फुलझाडांच्या कुंड्या आणि कुंड्यांशेजारीं ऐटीत बसलेला कुत्रा. "आजोबा, आपल्या कालव्यांतून असें जातां येईल का?" असें त्यानें विचारलें. उजनीचा डावा कालवा माढ्याकडून आमच्या तालुक्यांत येतो. तेव्हां प्रश्न वावगा नव्हता. मीं त्यास सांगितलें कीं, इंग्लंडांतील ते कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खणले गेले ते मुळीं मालवाहतुकीसाठींच. काठावरून घोडा दोर ओढीत चाले आणि मागून कोळशानें भरलेली नाव संथपणें येई. चढ आला कीं दोन दरवाजांमधील हौदांत नाव घ्यावयाची, दरवाजे लावावयाचे आणि हौदांत पाणी भरून ती वर उचलावयाची. उतारावर याच्या उलट. पुढें आगगाडीनें तो धंदा मारला, आणि आतां त्याच सात फूट रुंदीच्या नावांतून लोक चूल-बिछान्यासह सुटीचे दिवस घालवितात. आपल्या देशांत मद्रासच्या बाजूचा बकिंगहॅम कालवा अशाच वाहतुकीचा होता. आमचे दख्खनचे कालवे मात्र शेतीचे. त्यांत पाणी येतें तें पाळीनें. पाळी संपली कीं तळाला शेवाळ आणि चपला. शिवाय वाटेंत दारें, पायऱ्या आणि मोऱ्या. होडी घालणारा मनुष्य पहिल्या मोरींतच अडकेल. नातवाचें समाधान झालें नाहीं. तो आपल्या आईबरोबर पुण्यास एका मुंजीला निघून गेला, आणि होडी मात्र माझ्या डोक्यांत राहिली.

सन २०२४ ची अक्षय्य तृतीया १० मे रोजीं झाली. त्यानंतर तीन-चार दिवसांनीं आम्ही निघालों. मंडळी तीन: प्रस्तुत लेखक, आमचे वैद्यबुवा आणि रेल्वेंतून निवृत्त झालेले एक स्नेही. या स्नेह्यांनीं जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराचें, तिघे मित्र व एक कुत्रा यांच्या थेम्स नदीवरील सहलीचें, १८८९ सालचें पुस्तक वाचलेलें होतें. "तिघे आपण आहोंतच, कुत्रा वैद्यबुवांचा," असें म्हणून त्यांनीं बेत पक्का केला. त्या पुस्तकांतील मित्र खरे असून कुत्रा तेवढा लेखकाच्या कल्पनेंतला होता, हें मीं त्यांच्या नजरेस आणून दिलें. वैद्यबुवांचा मोत्या मात्र खरा होता, आणि तो किती खरा आहे याचा प्रत्यय मोहोळची वेस ओलांडण्यापूर्वींच जीपगाडीच्या बैठकीला आला. चवथी आमची मनी. घरांतील सर्व मंडळी मुंजीला गेलेली, आणि हें मांजर शेजारच्या हातचें दूध पीत नाहीं. म्हणून तिला झांकणाच्या वेताच्या टोपलींत घालून बरोबर घ्यावें लागलें. दशम्या, शेंगांची चटणी, कैरीचें लोणचें, दहीभाताचा डबा आणि दोन फिरकीचे तांबे एवढी शिदोरी होती.

उजनीचें धरण १९६९ त सुरू होऊन १९८० त पुरें झालें. भीमा अडवून केलेल्या त्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. त्याची सांठवण सुमारें ११७ अब्ज घनफूट. पैकीं ६३ अब्जांहून अधिक मृत सांठा, म्हणजे कालव्याच्या उंबऱ्याखालचें पाणी. उंबऱ्याशीं पाणी आलें कीं तेथें शून्य धरतात, आणि त्याखालीं गेलें कीं वर्तमानपत्रें 'उणे वीस टक्के', 'उणे चाळीस टक्के' असें छापूं लागतात. परगांवच्या पाहुण्यास याचा उलगडा होत नाहीं. पाणी आहे तें उणें कसें? सोलापूर जिल्ह्यांतील शाळकरी पोरास मात्र ऋण संख्या बीजगणिताच्या आधीं उजनीनें शिकविलेल्या असतात. आम्ही गेलों त्या वैशाखांत आंकडा उणे पन्नासाच्या आसपास होता.

आणि त्यामुळेंच आम्हांस पळसनाथाचें दर्शन घडलें. जुनें पळसदेव गांव धरणाच्या पाण्याखालीं गेलें. नवें गांव सोलापूर-पुणें रस्त्याला वसलें आहे. जुनें देवालय पाण्यांतच उभें असतें. भरल्या धरणांत शिखराचा थोडा भाग दिसतो, आणि दुष्काळी उन्हाळ्यांत सगळें देवालय हळू हळू वर येतें. खालचें काम दगडी, वरचें शिखर विटा-चुन्याचें. इतक्या वर्षांच्या बुडण्या-उघडण्यानंतरही त्या विटा जागच्या हालल्या नाहींत, हें पाहून माझ्या घराच्या गच्चीचें काम ज्यानें केलें त्याची मला तीव्रतेनें आठवण झाली. होडी थोडी अलीकडेच थांबवावी लागली. पुढें भेगाळलेल्या गाळावरून आम्ही पायीं गेलों. मोत्या आमच्या पुढें धांवत गेला, आणि देवालयाच्या दाराशीं मात्र कोणीं सांगितल्याशिवाय बसून राहिला. वैद्यबुवांनीं याचा बराच अभिमान बाळगला. माझ्या मतें त्याचे पाय भाजले होते.

होडी म्हणजे मासेमारीचीच होती. मागें लहानसें यंत्र, मध्यें जाळ्यांचा ढीग. नावाडी चाळिशीच्या आंतबाहेरचा, अबोल. देवालयाहून परतल्यावर त्यानें यंत्र बंद केलें आणि नुसत्या वल्ह्यांनीं होडी काठाकाठानें नेऊं लागला. त्या दोन-तीन तासांचें वर्णन करणें कठीण आहे, कारण त्यांत कांहीं घडलेंच नाहीं. रोहित पक्ष्यांचे मोठे थवे हिवाळ्यांत भिगवणच्या बाजूस उतरतात. आमच्या वाट्याला दूर उथळ पाण्यांत पंधरा-वीस आले. चित्रबलाक पुष्कळ होते. नदीसुरय डोक्यावरून झेंपावत, आणि प्रत्येकावर मोत्या स्वतंत्रपणें भुंके. मनीनें पहिला अर्धा तास टोपलींतून असा टाहो फोडला कीं मला स्वतःची लाज वाटली. शेवटीं झांकण उघडलें. ती बाहेर आली, जाळ्यांचा वास घेतला आणि गप्प झाली. जन्मापासून दूध-भातावर वाढलेल्या त्या जीवाला तेथें आपल्या कुळाचा साक्षात्कार झाला! नावाड्यानें तिच्यापुढें एक चिमुकली चिलापी टाकली. घरीं कळल्यास सोंवळ्या-ओंवळ्याचा काय निकाल लागेल, या विचारानें मीं दुसरीकडे पाहिलें.

एके ठिकाणीं त्यानें वल्हें थांबविलें आणि पाण्याकडे हनुवटी करून म्हणाला, "हितं आमचं रान हुतं, गुरुजी. आज्याची हीर बी हितंच." मीं वांकून पाहिलें. हिरवें, गढूळ पाणी. त्याचा स्वतःचा जन्म धरणानंतरचा. विहिरीची जागा त्याला बापानें दाखविलेली होती, आणि बापानें ती काठावरील एका टेकाडाच्या व दूरच्या एका देवळाच्या खुणेनें लक्षांत ठेविली होती. त्या विहिरीवर तरंगत आम्ही दशम्या खाल्ल्या. आमच्या मोहोळकडच्या उंसाला मिळणारें पाणी कोणाच्या तरी मोटेवरून आलेलें आहे, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं; परंतु घांस घशांत थोडा अडकला खरा.

आतां माझ्या चुकीचें सांगतों. पैलतीरीं करमाळा तालुक्यांत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या घरीं मुक्काम करावयाचा, असें ठरलें होतें. रस्त्यानें गेलें तर जलाशयाला मोठा वळसा. होडीनें मात्र थोडक्या वेळांत पलीकडे. त्या बाजूचे लोक म्हणूनच बाजाराला, दवाखान्याला, सोयऱ्याधायऱ्यांकडे होडीनेंच ये-जा करीत. आम्ही जेवून झाडाखालीं लवंडलों आणि उठलों तेव्हां पांच वाजून गेले होते. नावाडी पश्चिमेकडे पाहत उभा होता. तेथें ढगांची एक काळसर रेघ होती, तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "आता न्हाई जायचं पलीकडं."

वारा अगदीं पडलेला होता. पाणी आरशासारखें. मीं म्हटलें, वीस-पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न. तो म्हणाला, "मधीच गाठलं तर?" मीं ठरलेल्या भाड्याची आठवण दिली. तो कांहीं बोलला नाहीं; यंत्राची दोरी गुंडाळून खिशांत घातली. तीस-पस्तीस वर्षें ज्याच्या शब्दाखातर वर्ग उभा राहिला, त्याला एका अडाण्यानें नाहीं म्हणावें, याचा मला राग आला. तो येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. भाडें पंधराशें ठरलें होतें. मीं आठशें त्याच्या हातावर ठेविले आणि अर्धी सहल, अर्धे पैसे असें सुनावलें. त्यानें ते न मोजतांच ठेवून दिले. स्नेही माझ्या बाजूचे होते. वैद्यबुवा गप्प होते; त्यांना मोत्याची काळजी पडली होती, कारण तो जीपगाडीखालीं जाऊन बसला होता आणि बाहेर येईना.

पाऊण तासानें वळीव आला. प्रथम धूळ, मग वारा, मग पाण्याला असें उधाण आलें कीं काठावर ओढून ठेविलेल्या होड्या एकमेकींवर आदळूं लागल्या. आम्ही गाडीच्या कांचा लावून बसलों. समुद्र न पाहिलेल्या मनुष्यानें तो समुद्रच मानिला असता. लांबरुंद उथळ पाणी, भोंवतालीं आडोसा म्हणून नाहीं. वाऱ्याला अडवावयास कोणी नसतें. आमच्या होडींत तरंगण्याचें एकही जाकीट नव्हतें, हें मला तेव्हां प्रथम सुचलें. परंतु तासाभरांत सर्व निवळलें, चांदणें पडलें, आणि आम्ही रस्त्यानें मोहोळास परतलों तों माझा राग पुन्हां जागेवर आला होता. पहा, एक तास थांबला असता तर!

२१ मे रोजीं संध्याकाळीं कुगांवहून कळाशीकडे येणारी प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यांत उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलें होतीं. एक जण पोहून काठाला लागला. बातमी दुसऱ्या दिवशीं सकाळीं वैद्यबुवांनीं आणून माझ्यापुढें ठेविली आणि न बोलतां निघून गेले. पुढील दोन-तीन दिवस शोध चालला होता. मीं वर्तमानपत्र वाचीत होतों आणि खिशांतील सातशें रुपये मला टोंचत होते. त्याचा पत्ता मजपाशीं नव्हता, आणि असता तरी पत्रांत काय लिहावें हें सुचलें नसतें.

त्या पावसाळ्यांत धरण भरलें, पळसनाथ पुन्हां पाण्यांत गेला. पौषांत एका लग्नाहून परततांना मीं गाडी त्या काठाला वळविली. नावाडी जाळें विणीत बसला होता. होडींत चार-पांच नारिंगी जाकिटें टांगलेलीं दिसलीं. मीं सातशें रुपये पुढें केले आणि वैशाखांत राहिले होते, एवढेंच म्हणूं शकलों. या खेपेस त्यानें ते मोजले, एकदां नव्हे दोनदां, आणि खिशांत घातले. मग माझ्या मागें, गाडीकडे पाहत विचारलें,

"मांजर न्हाई का आणलं, गुरुजी?"