मेलेल्या कर्नलची मेमरी कशी वाचतात?

सर्व्हर कोसळला. चूक खुद्द लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच झाली. आता गंमत बघा: डिस्क चालवणारा तोच, फाइल लिहिणारा तोच. मग नेमकं काय बिघडलं हे नोंदवणार कोण?

दुसरा कर्नल! मशीन सुरू होतानाच मेमरीचा एक तुकडा राखून ठेवतात आणि हा दुसरा तिथं आणून बसवतात. पहिला कोसळला की हा बायोसच्या वाटेला न जाता थेट जागा होतो. म्हणून मरणाच्या क्षणीची मेमरी पुसलीच जात नाही! के-डम्प नावाची ही करामत २००५ साली लिनक्स २.६.१३ मध्ये आली. ती घडवणाऱ्यांत आयबीएमचे विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ हे आपले अभियंते होते, हे सांगताना ऊर भरून येतो.

मेमरी वाचली खरी, पण त्यातलं हवं ते शोधायचं कसं? रायपूरच्या पुरानी बस्तीत 'महामाया मंदिरापासून तिसरी गल्ली' असा पत्ता सांगितला, तर आधी मंदिर ठाऊक हवं. कर्नलचंही तसंच आहे. रॅमच्या खऱ्या पत्त्यात तो एक ठरावीक, अवाढव्य संख्या मिळवतो आणि तयार झालेला आभासी पत्ता वापरतो. ती संख्या म्हणजे त्याचं मंदिर.

इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी मशीनवर हेक्समध्ये ती होती एफएफएफएफ ८८०० ०००० ००००. बरीच वर्षं तीच राहिली, म्हणून डम्प, म्हणजे या मेमरीची नोंदवलेली प्रत, वाचणाऱ्या साधनांनी ती गृहीत धरून कोडमध्येच लिहून टाकली.

आणि मंदिर हललं! २०१६ च्या लिनक्स ४.८ पासून ही संख्या दर बूटला वेगळी ठेवण्याची सोय झाली. हल्लेखोराला पत्ता आधीच कळू नये म्हणून. २०१८ च्या ४.२० मध्ये तर मूळ संख्याच बदलली: एफएफएफएफ ८८८० ०००० ००००. बघा, एका शून्याचा आठ झाला, एवढंच. पण या एका अंकानं सगळे पत्ते किती सरकले असतील? तब्बल ५१२ जीबी! जुनी संख्या वजा करणारं साधन जिथं जाऊन पोचतं, तिथं बहुतेक मशीनवर रॅमच नसते.

दुरुस्ती मात्र इतकी साधी की थक्क व्हावं. डम्प ईएलएफ स्वरूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक मेमरी-खंडाच्या नोंदीत आभासी आणि खरा, दोन्ही पत्ते लिहिलेले असतात. रॅमच्या एखाद्या खंडाचा आभासी पत्ता एफएफएफएफ ८८८० ००१० ०००० आणि खरा नुसता १०००००. करा वजाबाकी! संख्या हातात आली, काहीही गृहीत न धरता. मेकडम्पफाइल हे साधन आता हीच वजाबाकी करतं.

बाकीचं कर्नलनं जिवंतपणीच लिहून ठेवलेलं असतं. व्हीएमकोअरइन्फो या छोट्याशा टिपणात कुठली रचना केवढी, कुठलं नाव (सिम्बॉल) कुठं, कर्नल स्वतः किती सरकून बसला, आणि एआरएम-६४ असेल तर पत्ता किती बिटांचा, हेसुद्धा सापडतं.