रेवदंड्याचा हरवलेला चौक

नागावाहून दक्षिणेस निघालेला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून, चौलाची वस्ती मागे टाकीत रेवदंड्यास पोहोचतो तो कोटाची भिंत छेदूनच आत शिरतो. आणि मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशास आपण पोर्तुगीजांच्या एका जुन्या शहरात प्रवेश केला, याची वार्ताही नसते. आम्हां अष्टागरातल्या मंडळींना हा कोट इतका अंगवळणी पडलेला, की त्याच्या आत एके काळी नगरसभा होती, मठ होते, इस्पितळ होते आणि या साऱ्यांना एकत्र बांधणारा एखादा चौक असला पाहिजे, हा विचार सहसा कोणाच्या मनास शिवत नाही.

रेवदंड्याचा हा कोट म्हणजेच पोर्तुगीजांचे चौल, आणि त्यांचा चौलशी संबंध १५०५ पासूनचा. १५०८ साली येथल्या कुंडलिका खाडीच्या मुखाशी मिसरच्या मामलुकांचे व दीवच्या मलिक अयाझचे आरमार एकत्र होऊन चालून आले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाचा पुत्र लोरेंसो येथे मारला गेला. पुढे १५१६ त वखार झाली, १५२१ त बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचे काम सुरू झाले आणि १५७०-७१ च्या वेढ्यात मुर्तजा निजामशहाची अफाट फौज मूठभर पोर्तुगीजांना येथून हुसकावू शकली नाही. बखरकाराला या लढाया पुरतात. आमचे कुतूहल वेगळे आहे. शांततेच्या दिवसांत ही माणसे जमत कोठे?

पोर्तुगीज नगररचनेचा एक शिरस्ता होता. मुख्य देवालय, नगरसभेची कचेरी आणि अनाथ-विधवांच्या परामर्शासाठी स्थापलेली ‘मिझरिकॉर्दिया’ ही संस्था यांच्या सान्निध्यात मोकळे पटांगण ठेवावयाचे. त्यात ‘पेलोरिन्यो’ नावाचा दगडी स्तंभ उभारावयाचा, आणि हुकमांची दवंडी, गुन्हेगारांची सजा व सणाची मिरवणूक ही सारी त्याच्या साक्षीने चालावयाची. १६३५ साली पोर्तुगीज लेखक बोकारो याने राजाच्या आज्ञेवरून पूर्वेकडील ठाण्यांची जी कैफियत लिहिली, तीत चौलचाही आराखडा आहे. प्रत्यक्ष जागेवर मात्र आराखड्यापेक्षा पडक्या देवालयांच्या दरवाजांची दिशाच अधिक उपयोगी पडते. खाडीकडच्या दरवाज्याजवळ वखार व मुख्य देवालय यांचे अवशेष जेथे दाटीने उभे आहेत, त्याच परिसरात तो चौक असावा, असा माझा तर्क आहे. फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा, ज्याला गावकरी ‘सातखणी’ म्हणतात, दुरूनही दिसतो. पण त्याचे खण आता पुरे सात राहिलेले नाहीत. त्याच्या आसपास चुन्यात बसविलेल्या दगडांच्या फटींतून पिंपळाची मुळे उतरली आहेत, आणि पायथ्याच्या वाड्यांतून पोफळींना पाटाचे पाणी चालू असते. माणसे जेथे जमत असतील तेथे आज सुपारी वाळते, आणि ते मला मुळीच खटकत नाही.

कारण चौलाची कीर्ती या कोटातल्या अधिकाऱ्यांनी मिळविलेलीच नव्हती. येथली रेशमी वस्त्रे आणि पेट्या-पेटाऱ्यांची कारागिरी यांची स्तुती पिरार द लावाल या फ्रेंच प्रवाशाने केली आहे; परंतु ते कसबी लोक कोटाबाहेरच्या, निजामशाहीतल्या वरच्या चौलात राहत. सतराव्या शतकात आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देला व्हाले कोटात उतरला खरा, पण देऊळ आणि तलाव पाहावयास मुद्दाम वरच्या चौलाला गेला. मला त्याच्या रसिकतेचा आदर वाटतो.

आजही चौलात मनुष्य जमतो तो रामेश्वराच्या पुष्करणीवर आणि मार्गशीर्षात दत्ताच्या डोंगरावर. राज्ये बदलली, जकातीचे धनी बदलले, तरी त्या जागा मोकळ्या पडल्या नाहीत. कोटातला चौक मात्र सत्तेच्या आज्ञेने भरत असे, म्हणून सत्तेबरोबरच रिता झाला. १७३९ त पोर्तुगीजांची वसई मराठ्यांपुढे पडली. १७४० च्या तहाने चौल मराठ्यांच्या हाती आले आणि फिरंगी अंमलदार गोव्याकडे निघून गेले.

त्यांची गरीब ख्रिस्ती रयत मात्र फार दूर गेली नाही. कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली ती स्थायिक झाली, आणि तिची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतरही तेथल्या घरांतून बोलली जाते. त्या चौकात ऐकू येणाऱ्या भाषेचा एवढा अंश अजून शिल्लक आहे, आणि तो दप्तरात नसून कोर्लईच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. तेव्हा कोट पाहून झाल्यावर संशोधकाने पूल ओलांडून तिकडेही जावे.