फाट्यावर पोचणाऱ्या गाण्यामागची तबकडी

मंठ्याहून जिंतूरकडे जाताना सेलूचा रस्ता जिथे फुटतो, तो देवगाव फाटा. इथल्या हॉटेलांत आणि आसपासच्या आखाड्यांवर रेडिओ म्हणजे परभणी आकाशवाणी, मध्यम लहर, 1305 किलोहर्ट्झ. त्यावर लागणारं गाणं स्टुडिओतून कसं निघायचं, हे मात्र ऐकणाऱ्याला कधी दिसलं नाही.

टेप आणि कॉम्प्युटरच्या आधी रेडिओ स्टुडिओत दोन टर्नटेबलं शेजारी-शेजारी असत. एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढची रेकॉर्ड चढवायची, सुई टेकवायची आणि हेडफोनमध्ये पहिला सूर आला की तबकडी बोटांनी अर्धा फेरा मागे घ्यायची. टर्नटेबलला वेग धरायला तेवढी जागा लागते. ती दिली नाही, तर गाणं रडत सुरू होतं. काही ठिकाणी रेकॉर्डखालची थाळी फिरतीच ठेवत, मधल्या फेल्टवर रेकॉर्ड बोटाने अडवून धरत आणि निवेदकाचं वाक्य संपताच सोडत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची रेकॉर्डवर गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. तेवढ्यात हे सगळं उरकायचं. ही हातातली कला होती, आणि तिची नोंद फारशी कुणी ठेवली नाही याचं मला वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातून 1954 साली आलेलं गॅरार्ड 301 हे अशा कामाचं नावाजलेलं यंत्र. बीबीसीनेही ते वापरलं. त्यात मोटरचा जोर एका रबरी चाकातून थाळीच्या आतल्या काठाला मिळतो. यंत्र बंद असताना ते चाक दाबलेलं राहिलं, तर त्याला चपटा डाग पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला घरघर ऐकू येते.

सुईचंही तसंच. 78च्या खोबणीला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीला 25ची. बारीक सुई जुन्या खोबणीच्या तळाला घासते आणि गाण्याऐवजी खरखरच जास्त येते. लाखेच्या जुन्या रेकॉर्डवर हाच अन्याय सर्रास होतो, आणि दोष रेकॉर्डला दिला जातो.

म्हणून जुन्या केंद्रांमध्ये उरलेलं टर्नटेबल काचेच्या कपाटात ठेवणं मला पटत नाही. रबरी चाक बदलावं, तेल घालावं, दोन्ही सुया ठेवाव्यात आणि जुन्या निवेदकांना बोलावून नव्यांना रेकॉर्ड लावायला शिकवावं. हात चालते आहेत तोवरच हे होईल.