पाण्याखाली महिनाभर राहता येतं, पण वर यायची घाई चालत नाही



शंभर दिवस पाण्याखाली राहिलेल्या माणसाचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, हे खरं की बनावट? खरं आहे. जोसेफ दितुरी हे अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. २०२३ साली ते फ्लोरिडात की लार्गो इथे पाच वाव पाण्याखालच्या एका घरात १०० दिवस राहिले. पण त्याच्या किती तरी आधीपासून शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी मुक्काम करत आलेत. १९६२ साली फ्रान्सच्या कूस्तो यांची दोन माणसं मार्सेलजवळ १० मीटर खोल पाण्यात आठवडाभर राहिली. पुढच्या वर्षी तांबड्या समुद्रात, सुदानच्या किनाऱ्याजवळ, त्यांच्या माणसांनी महिनाभर मुक्काम ठोकला.

आता पहिला प्रश्न, पाणी आत शिरत कसं नाही? रिकामा पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबून बघा. आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. ही घरं तशीच. जमिनीला भोक असतं, त्याला दार लावायची गरज नाही. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याएवढा ठेवला की पाणी भोकापाशी थांबतं. त्या भोकातून उतरायचं, काम करायचं आणि परत घरात चढायचं. फ्लोरिडातलंच ‘अ‍ॅक्वेरियस’ हे घर सुमारे १५ मीटरवर, म्हणजे आठेक वावांवर आहे. तिथे दाब वरच्यापेक्षा अडीच पट. सहा माणसांच्या झोपायच्या जागा आहेत. चूल पेटवायची नाही, मायक्रोवेव्हवर भागवायचं. वरून हवाबंद पुडा नेला तर तो दाबाने चेपून बारीक होतो.

एवढी खटपट कशासाठी? रोज होडीने जाऊन बुडी मारता येत नाही का? येते, पण त्या खोलीवर वरून उतरणाऱ्या पाणबुड्याला दिवसाला जेमतेम तासभर मिळतो. तळाशी राहणारा दिवसात आठ-नऊ तास बाहेर काम करू शकतो. कारण समजायचं तर गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी दाबली की फस्सकन बुडबुडे येतात. वायू आधीपासून पाण्यात विरघळलेलाच असतो, दाब कमी झाला की सुटतो. आपल्या अंगाचंही तेच. नळीने किंवा टाकीतून हवा घेत माणूस खोल गेला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. मग एकदम वर आला की अंगातच बुडबुडे.

मात्र अंगात वायू मुरायला मर्यादा आहे. एकाच खोलीवर दिवसभर राहिलं की अंग जवळजवळ भरतं. त्यानंतर दहा दिवस राहा नाहीतर महिना, वर यायला तेवढाच वेळ. अ‍ॅक्वेरियसमध्ये तो सुमारे १७ तास आहे. भोकावरचं दार बंद करून घरातला दाब हळूहळू वरच्या हवेएवढा आणतात. माणसं आतच पडून असतात. मग दाब पुन्हा वाढवून दार उघडतात आणि लगेच पोहून वर येतात. २०१४ साली कूस्तोंचे नातू फाबियां या घरात ३१ दिवस राहिले.

म्हणजे तिथे राहणाऱ्याला आपली होडी डोक्यावर दिसत असली तरी वर जाता येत नाही. काही बिघडलं तर घरातच परतायचं, वर आला तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरापासून दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या धरून परत यायचं.

आपल्या उपयोगाचं काम मला टेक्टाइटमधलं वाटतं. १९६९ साली कॅरिबियन समुद्रात सेंट जॉन बेटाजवळ चार शास्त्रज्ञ जवळपास दोन महिने तळाशी राहिले आणि त्यांनी शेवंडांवर नजर ठेवली. पुढच्या वर्षी तिथे सिल्व्हिया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली पाच बायकांची तुकडी दोन आठवडे राहिली. त्याच मोहिमेत मत्स्य खात्याच्या लोकांनी सापळ्यांजवळ बसून मासे पाहिले. आत शिरलेले काही मासे वाट शोधून बाहेरही पडत होते. वरून सापळा ओढणाऱ्याला फक्त उरलेले दिसतात!

आपल्याकडे असा मुक्काम करणारे आहेत मुंबई हायवर, तेलाच्या पाइपलाइनचं काम करणारे. फक्त त्यांची खोली तळाशी नसून जहाजावर असते. दाब भरलेल्या त्या टाकीतच जेवण, झोप, आणि बंद घंटेसारख्या डब्यातून खाली कामाला.

आता होडीवाल्यांसाठी. पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला एका श्वासावर बुडी मारतात, किंवा शिनाणे काढायला जातात, त्यांना हा बुडबुड्यांचा त्रास सहसा होत नाही. पण कंप्रेसरची नळी तोंडात धरून उतरलात की सोडा बाटलीचा नियम लागू. वर येताना श्वास कधीच रोखू नका. खालची दाबाची हवा छातीत फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं, त्यासाठी दोन-तीन वावसुद्धा पुरे. टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर आणि बाजूला इंजिनचा धूर, हे तर वेगळंच विष.

वर आल्यावर सांधे दुखणं, मुंग्या, चक्कर, पाय लुळे पडणं, लघवी अडणं, यातलं काही झालं तर ‘दमला असेल’ म्हणून झोपवून ठेवू नका. पुन्हा खाली पाठवून ‘उतरवायचा’ प्रयत्नही नको. आडवं ठेवा, ऑक्सिजन मिळेल तिथे न्या, आणि डॉक्टरला आधी सांगा, ‘कंप्रेसरवर इतके वाव, इतका वेळ खाली होता.’ उपाय दाबाच्या खोलीत असतो आणि डॉक्टरला कळल्याशिवाय तो तिकडे पाठवणार नाही. जमिनीवर असाल तर १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४.