सागरी जलसर्वेक्षण : माहितीच्या शिस्तीचे मोल

भारताच्या परकीय व्यापाराचा, आकारमानाने पाहता, सुमारे ९५ टक्के भाग सागरी मार्गाने होतो. या वाहतुकीस लागणारे सागरी नकाशे देहरादून येथील नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करते.

सर्वेक्षण जहाजाने सोडलेला ध्वनी तळावर आदळून परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून खोली काढली जाते. त्यासाठी जहाजाचे स्थान, हेलकावे, भरती-ओहोटी आणि पाण्यातील ध्वनिवेग यांच्या फायलीही आवश्यक असतात. समुद्रात ध्वनिवेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. चुकीच्या दिवसाची फाईल जोडल्याने त्यात १ टक्का फरक पडला, तर २० मीटर खोलीत सुमारे २० सेंटीमीटरची चूक होते. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या ‘एस-४४’ मानकातील विशेष श्रेणीत या खोलीसाठी एकूण मर्यादाच सुमारे २९ सेंटीमीटर आहे.

गुणवत्ता तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये खोलीचे जालक आणि खडक, बुडालेली जहाजे इत्यादींची फाईल एकत्र भरली जाते. अवास्तव उंचवटे, रिकाम्या जागा व परस्परविसंगती संगणक शोधतो. परंतु जुनी आवृत्ती भरली गेल्यास तो तिचीच तपासणी करतो. म्हणून मूळ, संस्कारित व अंतिम फायली स्वतंत्र ठेवणे, नावात क्षेत्र, दिनांक व आवृत्ती नमूद करणे आणि मूळ नोंदीत बदल न करणे हे नियम पाळावे लागतात.

खोली प्रत्यक्षाहून अधिक दाखविल्यास जहाज तळाला लागण्याचा धोका संभवतो. कमी दाखविल्यास जहाजात माल कमी भरावा लागून वाहतूकखर्च वाढतो.