वीर विरुद्ध वीर

चित्रकथा म्हणजे केवळ मुलांचा वेळ घालविण्याचे साधन, असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. परंतु अमेरिकेतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने २००६-०७ साली सात अंकांत प्रसिद्ध केलेली ‘सिव्हिल वॉर’ ही कथा थोरांनाही विचार करावयास लावणारी आहे.

काही तरुण वीर दुष्टांशी झुंजत असता स्टॅमफर्ड शहरात भयंकर स्फोट होतो आणि शाळकरी मुलांसह सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकतात. लोक खवळतात. अतिमानवी शक्ती असलेल्या प्रत्येकाने आपले खरे नाव नोंदवून सरकारच्या आज्ञेत राहावे, असा कायदा होतो. आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, त्याचा कैवार घेतो. कॅप्टन अमेरिका, म्हणजे स्टीव्ह रॉजर्स, तो धुडकावून लावतो. कालचे मित्र आज एकमेकांवर हात उगारतात. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेत झालेल्या कडक कायद्यांची छाया या कथेवर स्पष्ट दिसते.

मौज अशी, की स्वच्छंदी धनिक नियंत्रण मागतो आणि शिस्तीत वाढलेला सैनिक आज्ञा मोडतो! याचे मर्म दोघांच्या मनांत आहे. २०१६ च्या चित्रपटात, मुलगा गमावलेली एक माता स्टार्कला जाब विचारते. अपराधाच्या जाणिवेने पोळलेल्या त्याला स्वतःचाच भरवसा उरत नाही. म्हणून तो नियमांचा आधार शोधतो. उलट, ज्या संस्थेची सेवा केली तिच्यातच शत्रू शिरलेला रॉजर्सने पाहिलेला असतो. म्हणून सदसद्विवेकबुद्धीखेरीज दुसरा धनी त्याला नको असतो. दोघेही तत्त्वाची भाषा बोलतात. पण बोलते ती जुनी जखम.

कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक मार्च १९४१ चा. मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावीत आहे. त्याच वर्षी जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की स्वातंत्र्याबरोबर येणारे एकाकीपण असह्य झाले, म्हणजे माणूस आपण होऊन सत्तेला शरण जातो. भय हे असे मोठे सल्लागार आहे.

मूळ कथेच्या शेवटी सामान्य नागरिकच कॅप्टनला आवरतात. भोवतालचा विध्वंस पाहून तो जिंकत आलेली लढाई सोडतो व स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो.

हा तंटा आपल्या घरांनाही अपरिचित नाही. उशिरा परतणारा तरुण मुलगा आणि दाराशी जागत बसलेली आई, दोघांचेही खरे असते. “तुझे ऐकणार नाही” किंवा “माझेच ऐक” असे म्हणण्यापूर्वी “तुला भीती कशाची वाटते?” एवढे जरी परस्परांना विचारले, तरी पुष्कळ युद्धे उंबऱ्याबाहेरच राहतील.