संगणकाचे अवयव व त्यांचें गोत्र

संगणकाचा आवाज बंद पडला, किंवा वायफाय दिसेनासें झालें, म्हणजे ‘भाग जळाला’ असा निर्णय देऊन घरांतील मंडळी मोकळी होतात. आमच्या बदलापुरांतील हेंद्रेपाड्यांत एका घरीं विंडोज नव्यानें घातल्यावर आवाज गेला, तेव्हां मदरबोर्डच बदलावा असा सल्ला मिळाला. तीन पिढ्यांत मिळून एकच यंत्र, खर्च मोठा. अशा वेळीं वैद्याकडे जाण्यापूर्वीं नाडी आपण पाहावी. तें वाटतें तितकें कठीण नाहीं.

ध्वनि, चित्र, वायफाय इत्यादि कामें करणाऱ्या बहुतेक भागांच्या अंगीं दोन आंकडे नोंदलेले असतात. एक निर्मात्याचा व दुसरा त्या वस्तूचा. अभिवादन करतांना गोत्र व नांव सांगावें, तसाच हा प्रकार. ८०८६ हें इंटेलचें गोत्र. १९७८ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचेंही नांव हेंच. १०डीई हें एनव्हिडियाचें. (अक्षरें पाहून दचकूं नये, ही दहाऐवजीं सोळावर चालणारी गणना आहे.) ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही असो, आंकडे तेच, विचारण्याची रीत निराळी.

विंडोजमध्यें ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. तेथें पिवळ्या खुणेसह ‘अननोन डिव्हाइस’ असें दिसल्यास भाग मेला असें समजूं नये. तो हजर आहे, हांकेला ओ देत आहे. त्याची भाषा जाणणारा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा नाहीं. ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले कीं आंकडे मिळतात, व त्यांवरून नेमका ड्रायव्हर शोधतां येतो. लिनक्सची रीत मला अधिक सरळ वाटते: टर्मिनलमध्यें ‘एलएसपीसीआय’ हीं पांच रोमन अक्षरें लिहावीं, यादी नांवांसकट पुढें येते. ही सोय चेक संगणकतज्ज्ञ मार्टिन मारेश यांची. मॅकवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ पाहावें.

खरी कसोटी मात्र दोन सिस्टिमींच्या तुलनेंत आहे. न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेक येथें कामास येतो. लिनक्स पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावतां, चालवितां येतें. (‘इन्स्टॉल’ तेवढें दाबूं नये; बिटलॉकर असल्यास त्याची किल्ली आधीं लिहून ठेवावी.) तेथें आवाज आला, तर भाग निर्दोष व दोष विंडोजकडील ड्रायव्हरचा. दोन्हीं ठिकाणीं नांवच उमटलें नाहीं, तर भाग सैल, बायॉसमध्यें बंद केलेला वा निकामी असल्याची शंका घ्यावी. वर सांगितलेल्या घरीं पेनड्राइव्हवरून गाणें वाजलें, आणि मदरबोर्ड होता तोच राहिला.

डिस्कला हा न्याय पुरा पडत नाहीं. ती यादींत दिसते म्हणून निरोगी ठरत नाहीं. तिची ‘स्मार्ट’ नोंद निराळी वाचावी लागते. तींत ‘रीॲलोकेटेड सेक्टर’चा आंकडा वाढूं लागला, तर घरचे फोटो व कागदपत्रें त्याच दिवशीं दुसरीकडे उतरवून घ्यावीं.